एका मोसमाची दुर्बीण

पोपटरावांनी काचेवर हा करून वाफ सोडली आणि शर्टाचं टोक बाहेर काढून दुर्बीण पुसायला घेतली, तोच नॉरबर्टने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"शर्टाने नाही पुसायची, पोपटराव. ओरखडे पडतात."

"आवं, धुतलेला शर्ट हाय."

"धुतलेला असू द्या. हे गाडीचं बॉनेट नाही."

दुकानदार नूरैन गालात हसला आणि त्याने मऊ फडकं पुढे केलं. दोह्याच्या सूक वाकिफ बाजारातल्या ससाण्यांच्या गल्लीतलं त्याचं दुकान अगदी बोळकांडीएवढं होतं. भिंतीवर ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या चामडी टोप्या, जाड हातमोजे, पायांत बांधायच्या दोऱ्या, आणि काचेच्या कपाटात दुर्बिणी. पोपटराव संध्याकाळपासून तिथेच होते. एवढा वेळ त्यांनी स्वतःच्या लग्नासाठी मुलगी बघायलाही घेतला नव्हता.

पोपटराव माण तालुक्यातले, धनगराच्या घरचे. कतारमध्ये, दोह्यात मेकॅनिक. नॉरबर्ट वसईचा, इस्पितळाच्या रेकॉर्ड ऑफिसात कामाला, राहायला अल मुंतझा भागात. त्याची जुनी गाडी दर दोन महिन्यांनी रुसायची आणि पोपटरावांनी हात लावला की मुकाट्याने चालू व्हायची, त्यातून ओळख झाली. नॉरबर्टला पक्ष्यांचं वेड होतं. सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे उठून तो गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडायचा, पक्षी बघायचा आणि तसेच सोडून द्यायचा. या गोष्टीचं पोपटरावांना कायम नवल वाटे.

"तुमी नुसतं बगता. आमी धरतो," असं ते म्हणायचे.

"काच दोघांना एकच लागते," नॉरबर्ट म्हणायचा.

म्हणून तर त्यांनी त्याला बरोबर आणलं होतं. एरवी ते कुणाला विचारून खरेदी करणाऱ्यातले नव्हते.

झालं होतं असं. पोपटराव ज्यांच्या गॅरेजमध्ये काम करत ते बू हमद, सगळ्यांचे बाबा, निवृत्त शाळामास्तर. थंडीचे दिवस आले की बाबांचा तंबू वाळवंटात पडायचा आणि दर शुक्रवारी शिकार असायची. त्या शिकारीत पोपटरावांचं काम एकच, बघायचं. गाडी फजल चालवायचा. मागच्या सीटवर हातावर शाहीन, म्हणजे त्यांची शिकारी ससाणी, घेऊन बाबा बसायचे, आणि पुढे, फजलच्या शेजारी, पोपटराव. "डोळे पुढे बसतात, हात मागे," असं बाबांनीच ठरवून टाकलं होतं. एकदा त्यांचा सख्खा जावई पुढे बसायला गेला, तर त्यालाही त्यांनी मागे बोलावून घेतलं होतं.

ही जागा पोपटरावांनी वशिल्याने मिळवलेली नव्हती. लहानपणी मेंढरं राखताना गवतात लांडग्याचे कान त्यांना कुत्र्यांच्याही आधी दिसायचे. इथे लांडगे नव्हते, करवान होते. गावाकडचा करवानकच तो, लांब पायांचा, मातीच्या रंगाचा. संकट दिसलं की जमिनीला चिकटून बसतो आणि दगडात दगड होऊन जातो. शेजारच्या तंबूंतले लोक गळ्यात किमती दुर्बिणी घालून फिरत. बाबांच्या गळ्यात काही नसायचं. विचारलं की ते पोपटरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "माझ्याकडे बोबट आहे." अरबी जिभेला 'प' जमत नाही, म्हणून पोपटचा बोबट झालेला. पोपटरावांनी ते नाव कौतुकाने मिरवलं होतं. आपल्या डोळ्यांचा त्यांना गर्व होता, आणि तो लपवून ठेवावा असं त्यांना कधी वाटलंच नाही.

पण मागच्या थंडीत एकदा त्यांनी एका दगडाला करवान म्हटलं. फजल हसला, बाबा हसले नाहीत. या मोसमाच्या पहिल्याच शुक्रवारी शाहीन सावज घेऊन खाली उतरली, पोपटरावांनी हात दाखवला तो पार उलट्या दिशेला. शेवटी तिच्या शेपटीला लावलेल्या यंत्राच्या टिकटिकीवरून फजलने तिला शोधलं. बाबा काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आणि मग या आठवड्यात गॅरेजमध्ये येऊन ते म्हणाले,

"बोबट, एक दरबील घेऊन ये. चांगली, पण स्वस्त."

दरबील म्हणजे दुर्बीण. बाबांशी पोपटराव अर्धी हिंदी, अर्धी अरबी अशी खिचडी बोलत. ती इथे मराठीतच वाढलेली बरी.

"कुणासाठी, बाबा?"

"शिकारीसाठी. फार भारी नको. एकाच मोसमापुरती हवी आहे."

एवढं सांगून बाबा चष्म्याशिवाय ऐटीत निघून गेले. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती, आणि तेव्हापासून समुद्र किती निळा आहे हे ते भेटेल त्याला सांगत होते. पोपटराव मात्र हातातला पाना तसाच धरून उभे राहिले. एकाच मोसमापुरती. त्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला. हा मोसम दुर्बिणीवर भागवायचा आणि पुढच्या थंडीत त्या सीटवर दुसरा कुणी बसवायचा. प्रश्न पगाराचा नव्हता, गॅरेजचं काम कुठे जात नव्हतं. पण ती पुढची जागा गेली की ते चारचौघांसारखे एक मेकॅनिक होणार होते.

रात्री गावाकडून बायकोचा, मुक्ताबाईंचा, व्हिडिओ कॉल आला.

"फोन लांब धरा की जरा," मुक्ताबाई म्हणाल्या. "नुसतं नाक दिसतंया."

लांब धरला की बायकोचा चेहरा पुसट होतो, हे त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी मनाशी एक ठरवलं. जायचंच असेल तर अशी वस्तू घेऊन द्यायची की आपल्या मागे त्या तंबूत कुणी बोट ठेवायला नको. कुणीही विचारलं की सांगितलं पाहिजे, ही बोबटने निवडलेली.

आधी ते एकटेच एशियन टाउनला जाऊन आले होते. तिथे एक भलीमोठी दुर्बीण त्यांच्या मनात भरली होती. लालभडक काचा, वर सोनेरी अक्षरं, आणि दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे चंद्रावरचे खड्डेही दिसणार. त्यांनी फोनवर काढलेला तिचा फोटो आता नूरैनच्या दुकानात नॉरबर्टला दाखवला.

"नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," नॉरबर्ट म्हणाला. "लाल काच उजेड खाते. आणि एवढं मोठं करून दाखवणारी दुर्बीण हातात स्थिर राहत नाही. तुमच्या छातीच्या ठोक्यागणिक पक्षी उड्या मारेल."

नूरैनने काचेच्या कपाटातून दोन दुर्बिणी काढून ठेवल्या. एक मोठी, एक जरा बुटकी. बुटकी काळी, साधी, अंगावर एक अक्षरही चमकणारं नाही.

"ही आठपट दाखवते. वाळवंटाला तेवढं पुष्कळ," नॉरबर्टने समजावलं. "ऊन चढलं की हवा हलते. जास्त मोठं बघायला गेलात तर हलती हवाच मोठी दिसते."

मग त्याने परीक्षा घ्यायला शिकवलं. दुर्बीण हातभर लांब धरायची. डोळ्याकडच्या काचेत उजेडाचा जो ठिपका दिसतो तो पूर्ण गोल हवा. मोठीतल्या ठिपक्याच्या कडा कापल्यासारख्या होत्या. बुटकीचा मात्र पौर्णिमेसारखा गोल. मग ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पुढच्या काचेत बघायचं. पांढरंफटक दिसलं तर काचेवर लेप नाही, हिरवट-जांभळं दिसलं तर आहे. बुटकी इथेही पास झाली. मग हलवून बघायचं, आत काही वाजतं का. पोपटरावांनी ती कानाशी धरून हलवली, इंजिन ऐकावं तसं डोळे मिटून ऐकलं आणि मान डोलावली.

"आता माजी परीक्षा," ते म्हणाले.

ते दुकानाच्या दारात उकिडवे बसले, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवली, श्वास रोखला आणि चौकापलीकडच्या कबुतरांकडे दुर्बीण लावली. उजेडातली कबुतरं त्यांना नको होती. सज्जाखाली, सावलीत, करड्या भिंतीला खेटून बसलेलं एक करडं कबुतर होतं, ते त्यांना हवं होतं. बराच वेळ ते हलले नाहीत.

"मूर्ती लहान पण कीर्ती महान," शेवटी ते म्हणाले. "पर एका अंगानं धुरकट हाय."

"थांबा. ते अजून लावायचं आहे," नॉरबर्ट त्यांच्या शेजारी बसला. "उजव्या डोळ्यापाशी ही फिरकी आहे बघा. आधी उजवा डोळा मिटा, मधलं चाक फिरवून डाव्याने स्वच्छ करून घ्या. आता डावा मिटा आणि उजव्यासाठी फिरकी फिरवा. प्रत्येकाच्या दोन डोळ्यांत थोडा फरक असतो, तो हिने भरून निघतो. बहुतेकांना केसभर फिरवावी लागते."

पोपटरावांनी फिरवली. केसभर झाली, बोटभर झाली. ते फिरवत राहिले. फिरकी पार शेवटाला टेकायला आली तेव्हा ते थांबले आणि एकदम म्हणाले,

"आता दिसलं. पायात कडी हाय त्याच्या. पाळलेलं हाय कुणाचं तरी."

नॉरबर्ट कबुतराकडे बघत नव्हता, फिरकीकडे बघत होता.

"पोपटराव, उजवा डोळा दाखवून घ्या."

"डोळ्याला काय झालंय?"

"एवढा फरक नसतो. मोतीबिंदू असेल कदाचित. आमच्या इस्पितळात रोज होतात ऑपरेशनं, घाबरण्यासारखं काही नाही."

"मोतीबिंदू म्हाताऱ्यांना व्हतो," पोपटराव उठून उभे राहिले. मग जरा थांबून, खालच्या आवाजात म्हणाले, "कुणाला बोलू नका, नॉरबर्टसाहेब. एवढा मोसम जाऊ द्या."

नॉरबर्टने मान हलवली. नूरैनने बुटकी दुर्बीण खोक्यात घातली, ते मऊ फडकंही वरून दिलं. पैसे देताना पोपटरावांनी घासाघीस केली नाही. नूरैननेच आपणहून थोडे कमी केले.

"एक लक्षात ठेवा," गाडीत बसताना नॉरबर्ट म्हणाला. "दुसऱ्याच्या हातात देताना फिरकी मध्यावर आणून द्या. नाहीतर त्याला धूर दिसेल."

पोपटरावांनी ते ऐकलं, पण त्यांच्यातल्या मेकॅनिकने काही ऐकलं नाही. एकदा बरोबर बसलेली वस्तू हलू द्यायची नाही, हा त्यांचा धंद्यातला नेम. खोलीवर गेल्यावर त्यांनी फिरकी पुन्हा नीट लावली आणि वाळवंटातल्या धक्क्यांनी सरकू नये म्हणून तिच्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचे दोन घट्ट वेढे दिले. बाबा कधी दुर्बिणीला डोळा लावत नाहीत, मग भीती कसली?

शुक्रवारी उजाडता उजाडता गाडी निघाली. थंडी होती. फजलने हीटर लावला होता आणि पोपटराव आपल्या जागेवर बसले होते, गळ्यात नवी दुर्बीण. मागे बाबा, त्यांच्या हातावर टोपी घातलेली शाहीन, आणि शेजारी आज पाहुणे होते, पलीकडच्या तंबूतले बू नासिर. त्यांच्या गळ्यात जर्मन दुर्बीण होती आणि ती जर्मन आहे हे त्यांनी निघाल्यापासून दोनदा सांगून झालं होतं.

दुखान गावाच्या बाजूच्या दगडाळ माळावर फजलने गाडी थांबवली. चहूकडे मातकट दगड आणि मधूनच एखादं खुरटं बाभळीसारखं झाड. बू नासिर काच खाली करून बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिले.

"काही नाही," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष पुढे गेलं. "हे काय, बू हमद? तुझ्या बोबटच्या गळ्यातही दरबील? त्याच्या डोळ्यांना काय झालं?"

पोपटरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. फजलने उगाचच स्टिअरिंग पुसलं.

"नवी आहे," बाबा शांतपणे म्हणाले. "बघू, बोबट."

मागून हात पुढे आला. पोपटरावांना तेव्हा टेप आठवली. त्यांनी गळ्यातून दुर्बीण काढता काढता नखाने तिचं टोक शोधलं, पण टेप त्यांनीच लावलेली होती, ती अशी सुटणार नव्हती. बू नासिर बघत होते. पोपटरावांनी दुर्बीण दिली आणि आरशातून मागे पाहत राहिले.

बाबांनी शाहीन डाव्या हातावर सावरली आणि उजव्या हाताने दुर्बीण डोळ्यांना लावली. ते माळाकडे बघत राहिले. मधेच त्यांनी दुर्बीण जरा खाली घेतली आणि पुन्हा लावली. मग त्यांचा अंगठा उजव्या बाजूला सरकला, फिरकीवर आला, टेपवरून सावकाश फिरला आणि तिथेच थांबला. पोपटरावांना वाटलं, खलास. आता बाबा म्हणणार, अरे, हिच्यात तर धूर आहे. मग बू नासिर ती मागून घेणार, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या तंबूंत होणार की बोबटचा डोळा गेला.

"काय दिसतं?" बू नासिरने विचारलं.

"सगळं," बाबा म्हणाले. "काच झकास आहे."

आणि फिरकीला धक्का न लावता त्यांनी दुर्बीण पुढे दिली.

"बोबट, बघ."

पोपटरावांनी दार उघडलं, खाली उतरले आणि चाकापाशी उकिडवे बसले. कोपरं गुडघ्यांवर, श्वास रोखलेला. मग माळ बघायला सुरुवात केली, डावीकडून उजवीकडे, मेंढरं वाड्यात घेताना एकेकीवरून नजर फिरवतात तशी. दगड, दगड, झुडूप, दगड. पाखरू शोधायचं नसतं. जो दगड दगडासारखा नाही तेवढा शोधायचा. झाडापासून जरा अलीकडे एक दगड होता. त्याला खाली सावलीची धारदार कड नव्हती. पोपटराव त्याच्यावर थांबले. दगडाला पिवळा डोळा होता.

"करवान," ते म्हणाले. "ते झाड, त्याच्या अलीकडं, फुटक्या दगडाच्या उजव्या हाताला."

बू नासिरने जर्मन दुर्बीण लावली. "कुठे? ते दगड आहेत."

बाबांनी विचारलं नाही, बघितलंही नाही. गाडीतून उतरून त्यांनी सरळ शाहीनची टोपी काढली आणि हात वर केला.

शाहीन सुटली तसा तो दगड पायांवर उभा राहिला, पळाला आणि पंख पसरून उडाला. पाखरू वळलं, शाहीन वळली, दोघं माळाच्या पलीकडच्या अंगाला गेली. पोपटरावांनी त्यांना काचेतून एकदाही सुटू दिलं नाही. उंचवट्याआड ती खाली गेली तेव्हा त्यांनी हात लांब केला.

"तिथं. दोन झाडं जवळजवळ हायत, त्यांच्या मधी."

या वेळी यंत्राची टिकटिक कुणी ऐकायला गेलं नाही. फजलने गाडी त्या दोन झाडांपाशी नेली, आणि शाहीन तिथेच, पंखांची छत्री करून सावजावर बसलेली होती. पोपटरावांची छाती अशी भरून आली की शर्टाची बटणं कशी टिकली कोण जाणे. लांडग्याचे कान पहिल्यांदा दिसले त्या दिवशीही त्यांना एवढं बरं वाटलं नव्हतं.

बू नासिर दिलदार माणूस. त्यांनी मोकळेपणाने मान हलवली आणि आपली दुर्बीण गळ्यातून काढून खोक्यात ठेवली.

"ती जर्मनीची आहे ना?" बाबा म्हणाले. "माझी माणची आहे."

माण हे गाव आहे, तालुका आहे की देश, बाबांना ठाऊक नव्हतं. पोपटरावांच्या तोंडून ऐकून ऐकून नाव तेवढं पाठ झालं होतं. पण ज्या थाटात त्यांनी ते सांगितलं, तो थाट माणमधल्या कुणालाही आवडला असता.

दुपारी तंबूत जेवणं झाली, पाहुणे गेले. बाबा गालिच्यावर लोडाला टेकून कावा, बिनदुधाची अरबी कॉफी, पीत होते. पोपटराव येऊन समोर बसले. दुर्बीण मांडीवर घेऊन ते टेपचं टोक नखाने उकरू लागले. खोटं पचवणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"बाबा, सकाळी तुम्हाला धूर दिसला."

"दिसला."

"मग बोललात का नाही?"

बाबांनी छोटा पेला खाली ठेवला.

"मागच्या थंडीत तू दगडाला करवान म्हणालास, तेव्हा मी काही बोललो होतो?"

पोपटरावांचा हात टेपवर थांबला.

"माझं स्वतःचं तेच झालं होतं," बाबा म्हणाले. "पायरी समजून मी सावलीवर पाय टाकायचो आणि कुणाला सांगायचो नाही. मरियमने हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं म्हणून गेलो." मरियम ही त्यांची मुलगी. "तिने तुझं नाव त्याच डॉक्टरकडे देऊन ठेवलं आहे. मोसम संपला की जायचं. मी येतो बरोबर."

"आणि पुढच्या थंडीत?"

"पुढच्या थंडीत काय?" बाबांना प्रश्नच कळला नाही. "तेव्हा तुला दरबील कशाला लागेल? म्हणून तर सांगितलं, स्वस्त घे. एकाच मोसमापुरती."

पोपटराव खाली मान घालून बसले. डोळे भरून आले होते, आणि आजच्या दिवशी तरी त्यांना डोळ्यांवरून कुणी काही बोलायला नको होतं. मग मांडीवरची दुर्बीण उचलून ते म्हणाले,

"बाबा, ही वीस वर्षं टिकंल. मी तशीच घेतली."

"मग तुझ्या त्या दोस्ताला दे. जो पक्षी बघतो आणि खात नाही." बाबा हसले. मग पुढे वाकून त्यांनी दुर्बिणीकडे बोट दाखवलं. "उजवा डोळा आहे तर. मला वाटलं होतं डावा."

बाहेरून फजलने हॉर्न दिला. संध्याकाळची फेरी निघायची होती.

"यल्ला, चल, बोबट," बाबा उठत म्हणाले.

पोपटराव गाडीपाशी आले. फजलने पुढच्या सीटवर चहाचा थर्मास ठेवला होता, तो त्याने न सांगता उचलून खाली घेतला. पोपटराव बसले, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि टेपचं सुटलेलं टोक अंगठ्याने दाबून पुन्हा नीट बसवलं. मोसम संपायला अजून अवकाश होता.